सिनेमा पाहणाऱ्या एका बाईचे म्हणणे

सिनेमा पाहणे म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय, असे आपल्या समाजातील पुष्कळ जाणत्या मंडळींना वाटते. "तेवढ्या वेळात पुस्तक वाचा," असे ते सांगतात. पुस्तक वाचलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. परंतु आमच्या महिला मंडळातील दहा जणींपैकी किती जणींना दिवसभर राबल्यावर पुस्तक हाती घेणे जमते? त्याच दहाच्या दहा जणी रात्री टीव्ही पाहतात, भाकऱ्या थापताना मोबाइलवर गाणी ऐकतात. त्यांची मुले तर सिनेमातल्याप्रमाणेच केस कापतात आणि बोलतात. जे आपल्या घराघरात शिरले आहे, त्याची पारख घरातच व्हायला नको काय?

मी स्वतः सिनेमाची शौकीन आहे, हे आधीच सांगते. विदर्भातल्या एका आगारात मी एस.टी.ची वाहक आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये तास-दीड तास मिळतो, त्यात मोबाइलवर अर्धा सिनेमा होतो. उरलेला दुसऱ्या दिवशी. सुट्टी असली की टॉकीजला जाते. मी कोणी समीक्षक नाही. पण एका सीटवर बसून शंभर माणसे पाहण्याची मला सवय आहे, आणि पडद्यावरचे माणूस खरे की खोटे, एवढे त्यातून कळते. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या जगण्याबद्दल जे सिनेमे, मालिका आणि गाणी आली, त्यांविषयी मला काय वाटते ते येथे मांडते आहे. सर्वांना ते पटेलच असे नाही.

दगड आणि पावले

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. फँड्री हा कैकाडी बोलीतला शब्द, त्याचा अर्थ डुक्कर. शाळेत जाणाऱ्या जब्याला गावाच्या देखत घरच्यांबरोबर डुक्कर धरावे लागते, आणि जी मुलगी त्याला आवडते ती ते पाहत हसत असते. मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. डुक्कर हाताशी आलेले असतानाही सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेताना मागे बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात. एकही शब्द नाही. माझ्या मते मराठी सिनेमाने एवढ्या थोडक्यात एवढे मोठे भाषण कधी केले नव्हते.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्याकडे येतो. तो पाहून टॉकीजमधले काही लोक नाराज झाले होते. "आम्ही काय केले?" असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी एप्रिलअखेरीस, म्हणजे सिनेमा लागून अडीच महिनेही झाले नव्हते, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे आपल्या एका सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला गावच्या मुलीशी बोलला म्हणून मारून टाकण्यात आले. २०१७ च्या नोव्हेंबरात सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. "आम्ही काय केले?" ह्या प्रश्नाचे उत्तर कोणाला हवे असेल तर सिनेमा पुन्हा पाहावा.

दोन वर्षांनी 'सैराट' आला. २९ एप्रिल २०१६ ही तारीख मला पाठ आहे, कारण त्या महिन्यात आमच्या गाडीत दुसरे गाणेच वाजत नव्हते. अजय-अतुल यांनी त्याचे संगीत अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केले होते, आणि ते वाजत होते आमच्या खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर. लोक नाचले, पोरांनी पैसे उधळले. माझे मत असे की, सिनेमाचे खरे काम ह्या नाचानंतर सुरू होते. पूर्वार्धात जो प्रेक्षक शिट्ट्या वाजवतो, त्यालाच शेवटी आवाज बंद करून ती रक्ताची लहान पावले दाखवली आहेत. मी पाहिला त्या खेळाला पडदा पांढरा झाल्यावरही कोणी उठले नाही. माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा, सुरुवातीपासून शिट्ट्या वाजवणारा, तोंडावर रुमाल धरून बसला होता.

'सैराट'मधले लोखंडे सर मात्र कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाहीत. वर्गात नाव विचारले म्हणून पाटलाचा मुलगा त्यांना सगळ्या विद्यार्थ्यांसमोर थोबाडीत मारतो, आणि संध्याकाळी समज मिळते ती सरांनाच. माझे थोरले दीर कॉलेजात शिपाई होते. त्यांनी ते दृश्य पाहिले आणि म्हणाले, "हे खरं हाय." एवढेच बोलले आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

'सैराट'चे हिंदी रूप 'धडक' म्हणून २०१८ साली निघाले. कपडे महाग झाले, उदयपूरचे तलाव आले, आणि जात जवळजवळ निघून गेली. ज्या कारणासाठी ती दोघे मेली, तेच काढून टाकले तर राहिले काय? श्रीमंत मुलगी आणि साधा मुलगा ही गोष्ट हिंदी सिनेमाने शंभर वेळा सांगितली आहे. त्याच वर्षी तमिळमध्ये मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' आला. कायद्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्यासारख्याच एका मुलाची ती कथा. अपमान कसा पायरीपायरीने चढत जातो, ते त्यात दाखवले आहे. मरणाच्या दारातून परतलेला तो मुलगा शेवटी मुलीच्या बापाशी शांतपणे बोलतो. टेबलावर दोन पेले आणि मध्ये एक फूल. दगड नाही, रक्त नाही, तरी तुम्ही मान खाली घालता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'धडक २' ह्या नावाने त्याचे हिंदी रूप शाझिया इक्बाल यांनी केले. ते मुळाएवढे धारदार नाही. पण पहिल्या 'धडक'ने जे लपवले ते दुसऱ्याने उघड बोलून दाखवले, एवढे श्रेय मी देईन.

नायक कोण?

दलितांवरील अन्यायाचा सिनेमा म्हटला की वकील, पोलीस अधिकारी किंवा पत्रकार बाहेरून येतो आणि आपल्याला वाचवतो, अशी एक चालच पडली आहे. २०१९ चा 'आर्टिकल १५' त्यातलाच. हेतू चांगला, काम चांगले. परंतु ब्राह्मण अधिकाऱ्याला जात म्हणजे काय हे कळावे म्हणून आमच्या मुलींना झाडाला लटकावे लागते, हे मला खुपले. त्याला कळले, आनंद आहे. आम्हाला ते जन्मापासूनच माहीत होते.

'जय भीम' (२०२१) ह्या तमिळ सिनेमाबद्दल आपल्याकडे दोन मते आहेत. इरुलर ह्या आदिवासी जमातीतील माणूस पोलीस कोठडीत मारला गेल्याची त्याची कथा १९९३ सालच्या एका खऱ्या खटल्यावर बेतली आहे. तो खटला लढवणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. काही जण म्हणतात, येथेही वकीलच हिरो. मला ते पूर्ण पटत नाही. त्यातली सेंगेनी, पोटुशी बाई, पोलिसांच्या गाडीत बसायला नकार देऊन पायी घरी जाते आणि पोलिसांची गाडी तिची मनधरणी करीत मागे मागे येते. ते दृश्य तिचे आहे, वकिलाचे नाही. शेवटी तिची चिमुरडी वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते. आमच्या सासूबाईंनी ते पाहून टाळी वाजवली. तमिळ भाषा, तमिळ माणसे, आणि सिनेमाचे नाव आपण रोज एकमेकांना घालतो तो नमस्कार. आपला शब्द किती दूर गेला आहे, हे त्या दिवशी कळले.

पा. रंजित यांचे मला विशेष कौतुक वाटते. त्यांच्या 'काला'मध्ये (२०१८) रजनीकांत धारावीत राहतो आणि जमिनीसाठी लढतो. त्याच्या जीपचा नंबर पाहा. एमएच ०१ बीआर १९५६. त्यातला 'बीआर' आणि '१९५६' आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्याआधीच्या 'कबाली'त (२०१६) तोच रजनीकांत तुरुंगात वाय. बी. सत्यनारायण यांचे 'माय फादर बालय्या' हे पुस्तक वाचताना दिसतो. एका दलित रेल्वे कामगाराच्या कुटुंबाची ती कहाणी. ज्याच्या कटआउटला लोक दुधाने आंघोळ घालतात, त्याच्या हातात दिग्दर्शकाने हे पुस्तक दिले. त्यात भाषण कुठेच नाही. मला अशीच हुशारी आवडते.

आपल्या नागपूरचा 'झुंड' ४ मार्च २०२२ ला लागला. झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्या कार्यावर तो बेतला आहे. अमिताभ बच्चन जयंतीच्या मंडपात बाबासाहेबांच्या प्रतिमेला हात जोडतो तेव्हा आमच्या टॉकीजमध्ये जी शिट्टी वाजली, ती अमिताभसाठी नव्हती. पन्नास वर्षे ह्या माणसाला आम्ही पाहत आलो. कुली झाला, खाणीत उतरला, पोलीस झाला, पण आमच्या वस्तीत यायला त्याला एवढी वर्षे लागली. सिनेमा लांबला आहे, उत्तरार्धात रेंगाळतो, हे मान्य. पण त्यातली मुले खरी आहेत. हसताना खरी, शिव्या देताना खरी. आपली मुले पडद्यावर फक्त मार खाताना दिसावीत काय? ती खेळतात, चिडवतात, प्रेम करतात, गोल मारतात, हेही दिसले पाहिजे.

बायकांच्या वाट्याला काय आले?

आता थोडे बायकांविषयी. 'अजीब दास्तान्स' ह्या २०२१ च्या मालेत नीरज घायवान यांची 'गीली पुच्ची' नावाची छोटी फिल्म आहे. कोंकणा सेन शर्मा कारखान्यात यंत्रावर काम करणारी भारती मंडल झाली आहे. तिला कचेरीतली टेबलावरची नोकरी हवी असते, पात्रताही असते. ती नोकरी मिळते दुसऱ्याच आडनावाला. सहकारी बाईच्या घरी सगळ्यांना चांगल्या कपात चहा येतो आणि भारतीला स्टीलच्या पेल्यात. ती काही बोलत नाही, पेला पाहते आणि चहा पिते. पुढे ती जे करते ते बरे की वाईट, यावर आमच्या विश्रांतीकक्षात आम्ही तिघी बायका दोन दिवस भांडत होतो. एकीचे म्हणणे, तिने मैत्रिणीला फसवले. माझे म्हणणे, दलित बाई पडद्यावर आली की ती एक तर रडणारी किंवा देवीसारखी सोशिक असते. येथे ती डोके चालवणारी बाई आहे, म्हणून मला ती जवळची वाटली.

२०२३ च्या 'दहाड' मालिकेत सोनाक्षी सिन्हा फौजदार झाली आहे. गुन्हेगार शोधण्यात ती सर्वांच्या पुढे, पण ती जवळून गेली की ठाण्यातला एक पोलीस अगरबत्ती लावतो. तिच्या वडिलांनी आडनाव बदलून 'भाटी' केलेले असते. शेवटी ती आपले मूळचे 'मेघवाल' परत लावते. मालिका खुन्याच्या शोधाची आहे, जातीवरचे व्याख्यान नाही. म्हणूनच ती माझ्या बंगाली शेजारणीनेही पाहिली आणि मला विचारले, "असं खरंच असतं?" मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. त्या दिवसापासून आमचे बोलणे थोडे अधिक खरे झाले आहे.

टीव्हीबद्दल बोलायचे तर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही स्टार प्रवाहवरील मालिका (२०१९-२०) आठवल्याशिवाय राहत नाही. सागर देशमुख बाबासाहेबांच्या भूमिकेत शोभले. आमच्या गल्लीत त्या वेळी रस्त्यावर शुकशुकाट असे. शिवानी रांगोळे यांनी रमाईचे काम मनापासून केले. परंतु मालिकावाल्यांनी तिला जरा जास्तच रडवले, असे मला वाटते. आमच्या सासूबाई तर चिडत. "रमाई इतकी रडत नसंन. रडाले टाइम कोठं होता तिले?" असे त्या म्हणत. शेण्या थापून, चार घास राखून, लेकरे मातीआड करून जिने संसार ओढला, तिचा कणखरपणा व्हायोलिनच्या सुरात बुडवू नये, हे त्या निरक्षर बाईला कळत होते. ज्यांना कमी पाणी आणि अधिक माहिती हवी त्यांनी श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची मालिका (२०१४) मुलांसोबत पाहावी. तीत सचिन खेडेकर बाबासाहेब झाले आहेत, आणि घटना समितीतील वादविवाद खुर्चीला खिळवून ठेवतात.

एक लग्न पडद्यावर, एक घरात

ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेड इन हेवन' ह्या मालिकेच्या दुसऱ्या भागात पुन्हा नीरज घायवान यांनीच केलेला एक प्रसंग आला. परदेशात शिकलेली पल्लवी मेनके, म्हणजे राधिका आपटे, तिचे दुसऱ्या जातीतील मुलाशी लग्न ठरते. मुलाच्या घरचे पुढारलेले. पण ती बौद्ध पद्धतीने विधी करू म्हणते तेव्हा सगळ्यांचे चेहरे बदलतात. शेवटी पांढऱ्या साडीत, बाबासाहेब आणि तथागतांच्या प्रतिमेसमोर तिचा मंगल परिणय होतो. मोठ्या पडद्यावरच्या लग्नात सप्तपदी, निकाह, चर्च सर्व काही शंभर वेळा पाहिले. आपले लग्न इतक्या देखणेपणाने मी तोपर्यंत पाहिले नव्हते.

हे मी विशेष सांगते, कारण तेव्हा आमच्या घरात हीच गोष्ट चालू होती. माझी मुलगी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. तिने आपल्या पसंतीचा मुलगा निवडला, आमची ना नव्हती. त्याच्या घरची मंडळी शिकलेली, बोलायला गोड. "आम्ही जातपात मानत नाही," हे त्यांनी पहिल्याच बैठकीत तीन वेळा सांगितले. नंतर हळूच निरोप आला की पत्रिकेवर बाबासाहेबांचा फोटो नसला तर बरे, पाहुण्यांना उगाच प्रश्न पडतात. त्यापेक्षा नोंदणी करून टाकू, नंतर जेवण ठेवू.

आमचे हे म्हणाले, "नोंदणी तर नोंदणी. पोरीचं सुख पाहा." त्यांचेही चूक म्हणवत नाही. बापाचे काळीज असते. मुलगी मात्र काही बोलली नाही. त्या रविवारी मुलगा आमच्याकडे आला होता. तिने टीव्हीवर तो भाग लावला आणि आत येऊन माझ्याबरोबर कांदा चिरत बसली. बाहेर तो एकटाच पाहत होता. संपल्यावर तो आत आला तेव्हा ती त्याला एवढेच म्हणाली, "नोंदणीला माझी हरकत नाही. पण लपवण्यासाठी नोंदणी करायची असेल तर नको. एक दिवस लपले, तर जन्मभर लपत राहावं लागेल."

पत्रिकेवर फोटो छापला गेला. त्यांच्याकडचे निम्मे पाहुणे आले नाहीत. जे आले त्यांनी त्रिशरण-पंचशील ऐकले, फुले वाहिली, जेवले आणि गेले. विहीणबाई पहिल्या रांगेत हात जोडून बसल्या होत्या. मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक. माझी मुलगी मालिका पाहून धीट झाली असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. तिला धीट तिच्या आजीने आणि शाळेने केले. पण घरी जे बोलायला चार दिवस जीभ अडखळत होती, ते त्या मुलापुढे मांडायला तो पाऊण तास उपयोगी पडला. चांगल्या कलाकृतीकडून माझी ह्यापेक्षा मोठी अपेक्षा नाही.

ह्याच धाग्याने 'होमबाऊंड'कडे येते. हाही घायवान यांचाच. २०२५ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला, सप्टेंबरात आपल्याकडे लागला आणि भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. बशारत पीर यांनी टाळेबंदीतल्या दोन मित्रांवर लिहिलेल्या लेखावर तो आधारलेला आहे. एक मुसलमान, एक दलित. त्यातला चंदन पोलीस भरतीचा फॉर्म खुल्या वर्गातून भरतो, कारण जात लिहायची त्याला भीती वाटते. त्याच्या आईला शाळेत स्वयंपाकाचे काम मिळते. तिच्या हातचे आमची मुले खाणार नाहीत म्हणून गावकरी ते घालवतात. मला सर्वात जास्त रडू आले ते शेवटच्या मरणाने नव्हे, तर त्या फॉर्मने. असे फॉर्म भरणारी किती मुले माझ्या गाडीतून परीक्षेला जातात! तिकीट फाडताना त्यांच्या हातातले कागद मला दिसतात.

नाव लपवण्याचा हा रोग सरकारी कात्रीलाही आहे. 'फुले' हा प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांचा हिंदी सिनेमा ११ एप्रिल २०२५ ला लागायचा होता. आक्षेप आले, सेन्सॉरने काही जातींची नावे आणि 'पेशवाई'सारखे शब्द बदलायला सांगितले, आणि तो २५ एप्रिलला लागला. १९५४ साली आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला, त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. सत्तर वर्षांनी त्याच महात्म्याच्या सिनेमातून शब्द गाळावे लागतात, ह्याला प्रगती म्हणायची काय? जातीचे नाव पडद्यावर चालत नाही. गावात, विहिरीवर, वधूवर सूचक मंडळात मात्र चालते!

गाण्याचा धनी कोण?

शेवटी गाण्यांकडे वळते, कारण आपले खरे सिनेमे म्हणजे आपली गाणीच. टॉकीजमध्ये आपण दिसत नव्हतो तेव्हाही वामनदादा कर्डकांच्या शब्दांत आणि प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजात आपण होतोच. कॅसेटच्या काळात आनंद-मिलिंद शिंदे घरोघर पोहोचले. आता आदर्श शिंद्यांचा आवाज मराठी सिनेमात सर्रास ऐकू येतो. विठ्ठल उमप यांनी तर नोव्हेंबर २०१० मध्ये दीक्षाभूमीच्याच मंचावर शेवटचा श्वास घेतला. हातात एकतारी घेऊन गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाइलमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाल्या. त्यांच्यामागे ना वाद्यवृंद, ना झगमगाट. तरी गर्दीच्या गाडीत त्यांचा सूर ऐकू आला की मागच्या सीटवरची म्हातारी पदर सावरून बसते.

नव्या पोरांचे रॅप मला आवडते, हे ऐकून काही जणांना नवल वाटेल. आपल्या कव्वालीच्या सामन्यात सवाल-जवाब होत असत, ते रॅप नव्हते तर काय होते? पंजाबची गिन्नी माही, ओडिशाचा सुमीत सामोस, तमिळनाडूचा अरिवु ही मुले आपली जात खणखणीत सांगून गातात. अरिवुचे 'एन्जॉय एन्जामी' (२०२१) जगभर वाजले. चहाच्या मळ्यात राबलेल्या, भूमिहीन राहिलेल्या त्याच्या आजीची आठवण त्यात आहे. पण त्याच वर्षी एका इंग्रजी संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर गायिकेचा फोटो आला आणि शब्द लिहिणारा अरिवु त्यात नव्हता. पा. रंजित यांनी त्यावर जाहीर आवाज उठवला.

हे ऐकून आपण हळहळतो. पण आपल्याकडे काय चालते? जयंतीला ज्या गाण्यांवर आपण नाचतो, त्यांपैकी किती गाण्यांचे कवी आपल्या मुलांना ठाऊक आहेत? गायकाचे नाव असते, कंपनीचे असते, डीजेवाल्याचे तर मोठ्या अक्षरात असते. लिहिणारा बहुतेक वेळा एखादा मजूर, शिक्षक, हमाल. त्याचे नाव कुठेच नाही. मिरवणुकीत मीही नाचते, डीजेला माझा विरोध नाही. पण छाती हादरते आणि शब्द कळत नाहीत, असा आवाज काय कामाचा? वामनदादांनी शब्द ऐकण्यासाठी लिहिले होते.

आणि ही गाणी नुसती करमणूक नाहीत. मे २०१५ मध्ये शिर्डीला मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुण मुलाचा खून झाला. आजही माझ्या गाडीत एखाद्या पोराचा फोन भीमगीताने वाजतो, आजूबाजूचे दोन-तीन जण वळून पाहतात, आणि तो घाईघाईने खिशातच बटन दाबतो. एकदा मी अशा एकाला म्हटले, "वाजू दे ना बाळा. अर्धं कडवं तरी ऐकू दे." तो हसला. पुढच्या वेळी फोन वाजला तेव्हा त्याने तो सावकाश उचलला.

वाचक बंधू-भगिनींनो, माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याबद्दल निघालेला प्रत्येक सिनेमा चांगलाच म्हणायची सक्ती नको. वाईटाला वाईट म्हणा, नाही तर आपल्या नावावर कोणीही काहीही विकेल. पण जे चांगले आहे ते तिकीट काढून पाहा. चोरून उतरवलेले पाहून "आपल्या लोकांचे सिनेमे चालत नाहीत," अशी खंत करू नका. आमच्या विहारात महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर महिला मंडळ एक सिनेमा दाखवते आणि नंतर अर्धा तास चर्चा होते. पहिल्या वेळी सातजणी होत्या, आता लहान मुलांसह चाळीस-पन्नास माणसे असतात, आणि सर्वात जास्त बोलतात त्या कधी शाळेत न गेलेल्या बाया. त्यासोबत आणखी एक काम हाती घेण्यासारखे आहे. आपल्या गावातील जुन्या गायन पार्ट्यांतील कवींची, ढोलकीवाल्यांची, कोरसमधल्या बायांची नावे वहीत उतरवून ठेवा. जे हयात आहेत त्यांच्याकडे बसून कोणते गाणे कोणी लिहिले ते विचारा. आमच्या वहीत आजपर्यंत एकोणीस नावे झाली आहेत. त्यांतील सहा बायका आहेत. पुढच्या जयंतीला गाणे लागण्यापूर्वी माइकवरून आधी लिहिणाऱ्याचे नाव सांगायचे, असे मंडळाने ठरवले आहे.